बाबा पतसंस्थेचे संचालक होते, आता आर्थिक गुन्हे शाखेची नोटीस आलीये. पुढे काय करायचं? (नागपूर)

मानेवाडा_रोड | सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे वर्षानुवर्षं वाचत आलेय, लिहायची वेळ अशी येईल असं वाटलं नव्हतं.

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. २०१७ मध्ये वस्तीतल्या काही लोकांनी आग्रह करून त्यांना एका पतसंस्थेच्या संचालक मंडळात घेतलं, गुरुजी तुमचं नाव असलं की लोकांचा विश्वास बसतो असं म्हणून. मानधन काही नाही, सभेचा भत्ता तेवढा. महिन्याला सभा व्हायची, चहा-चिवडा व्हायचा, प्रोसिडिंग बुकावर सही करायची आणि सायकलने घरी यायचं. कर्ज कुणाला द्यायचं, वसुली किती, हे सगळं अध्यक्ष आणि सचिव बघायचे. मागच्या दिवाळीपासून ठेवी परत मिळेनात, लोक ऑफिससमोर रांगा लावायला लागले, मग कुलूप लागलं. आता लेखापरीक्षकांच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल झालाय. ११ संचालक, सचिव आणि व्यवस्थापक असे १३ आरोपी. बाबा आरोपी क्रमांक ७. कलमं ४०९ (विश्वासघात), ४२० (फसवणूक), ४६७, ४६८, ४७१ (बनावट कागद), १२०-ब (कट) आणि वर एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा.

शनिवारी नोटीस आली, येत्या शुक्रवारी हजर राहा म्हणून. नोटीस आल्यापासून बाबांनी वर्तमानपत्र उघडलेलं नाही. रोज सकाळी पहिलं पान मोठ्यानं वाचायची सवय आहे त्यांना.

काल अध्यक्षांचा फोन आला. म्हणाले, आपण सगळ्यांसाठी मिळून एकच मोठा वकील लावलाय, प्रत्येकी ५० हजार काढा आणि सगळ्यांनी एकच सांगायचं, सभेत सगळे निर्णय एकमताने झाले म्हणून. बाबा हो म्हणून मोकळे झाले, मला ते अजिबात पटत नाहीये. कुणाला अनुभव असेल तर सांगा. शुक्रवारी जायचं का? अटक होईल का?

तर्रीपोहा | १७ नोव्हेंबर, रात्री ११:५८

काहून घाबरून राहिल्या ताई. नवीन कायद्यात ६० वर्षांवरच्या माणसाले अटक करताच येत नाही, आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं होतं. बिनधास्त जा.

सिव्हिल_लाइन्स | मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

तर्रीपोहा भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे पण ही माहिती अर्धवट आहे आणि अर्धवट माहितीने इथे घात होतो. नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम ३५(७) असं म्हणतं की ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे आणि माणूस ६० च्या वर किंवा आजारी आहे, तिथे डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही. इथे ४०९ आणि ४६७ लागलंय, दोन्हीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ते संरक्षण इथे चालत नाही.

ताई, मी नागपूरला फौजदारी वकिली करतो, १८ वर्षं झाली. इथे लिहितोय तो सर्वसाधारण सल्ला समजा, कागद बघितल्याशिवाय कुणीही वकील पक्कं सांगू शकत नाही.

सगळ्यात आधी नोटीस कुठल्या कलमाखाली आहे ते बघा. ३५(३) असेल तर ती आरोपीला हजर राहण्याची नोटीस आहे, जुन्या कायद्यातलं ४१-अ. १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय. ९४ असेल तर नुसते कागद मागितलेत. ३५(३) ची नोटीस आली ही बरी खूण आहे, याचा अर्थ तपास अधिकाऱ्याला आज लगेच अटकेची गरज वाटत नाही, आणि नोटिशीप्रमाणे वागत राहिलं तर अटक करायला त्याला लेखी कारण द्यावं लागतं. पण ती हमी नाही. सरसकट अटक करू नका असं सांगणारा अर्नेश कुमार निकाल (२०१४) लोक फार सांगतात, तो सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. फक्त ४२० असतं तर त्यात बसलं असतं, ४०९ मुळे बाहेर गेलं. म्हणून शुक्रवारच्या आधी अटकपूर्व जामिनाचा अर्ज. एमपीआयडी लागलंय म्हणजे सत्र न्यायालयातल्या विशेष कोर्टात जाईल.

आणि एफआयआरची प्रत आजच काढा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते, २०१६ पासून सुप्रीम कोर्टाचा तसा आदेश आहे. बाबांच्या नावापुढे नेमकं काय लिहिलंय ते वाचा. सगळ्या १३ जणांसाठी एकच मोघम वाक्य आहे की बाबांचं स्वतःचं काही कृत्य दाखवलंय, यावर निम्मी केस ठरते.

आता वकिलाचं. एकच वकील सगळ्यांना, हे अजिबात करू नका. अध्यक्षांचा बचाव असा असणार की निर्णय मंडळाने एकमताने घेतला. बाबांचा बचाव असा की मंडळासमोर खरी माहिती आलीच नाही. ही दोन वाक्यं एका तोंडातून कशी निघतील? वकील ज्याची फी मोठी त्याचं वाक्य बोलतो.

मानेवाडा_रोड | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

सर, मनापासून आभार. नोटीस ३५(३) चीच आहे. एफआयआर काढतेय.

इतवारीची_लेक | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:३१

सगळे आरोपीला कसं सोडवायचं ते सांगताय म्हणून लिहितेय. माझ्या आईचे साडेसहा लाख अशाच एका पतसंस्थेत अडकलेत. उमरेडकडची दीड एकर विकून आलेला पैसा होता. आईनं तिथे का ठेवला माहितीये? बोर्डावर एका सरांचं नाव होतं. ज्यांच्याकडे मी आठवीत गणित शिकले ते सर. आता बँक बुडाली तर विम्याचे ५ लाखापर्यंत तरी मिळतात, पतसंस्थेला तो विमा लागूच नाही, हे आम्हाला कुलूप लागल्यावर कळलं.

ताई तुमचे बाबा चांगले असतील. पण सही केली ना? दर महिन्याला केली ना? मग वाचायला हवं होतं. आई आता बीपीची गोळी अर्धी करून खाते.

मानेवाडा_रोड | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:५०

ताई, तुमचं वाचून मला बराच वेळ काही सुचलं नाही. तुमचं बरोबर आहे, वाचायला हवं होतं, मी बाबांना हेच विचारलं आणि ते नुसते मान खाली घालून बसले. आमच्याही घरचे दोन लाख त्यातच आहेत, ते सांगून तुमचं दुःख कमी होणार नाही, पण सांगतेय.

सिव्हिल_लाइन्स | १८ नोव्हेंबर, दुपारी १:४०

इतवारीची_लेक, तुमचा मुद्दा बाजूला टाकण्यासारखा नाहीच. सही म्हणजे गुन्हा नाही, पण सहीला काहीच अर्थ नाही असंही नाही. कायदा यात दोन वेगळे कप्पे करतो.

एक कप्पा निष्काळजीपणाचा. तो सहकार कायद्यात येतो, १९६० च्या अधिनियमात कलम ८३ ची चौकशी आणि ८८ ची जबाबदारी निश्चिती. संस्थेचं नुकसान कुणाच्या चुकीने झालं आणि कुणाकडून किती वसूल करायचं ते तिथे ठरतं. गुरुजींना तिथे उत्तर द्यावंच लागेल, कदाचित खिशातून भरावंही लागेल.

दुसरा कप्पा गुन्ह्याचा. तिथे मन बघतात. भारतीय दंड संहितेत मुळात असं नाहीच की अमुक पदावर होता म्हणून दोषी. सुप्रीम कोर्टाने एस. के. अलघ निकालात (२००८) हे स्पष्ट सांगितलंय, आणि सुनील भारती मित्तल निकालात (२०१५) सांगितलंय की संचालकाला आरोपी करायचं तर त्याचा स्वतःचा सक्रिय सहभाग आणि गुन्हेगारी हेतू दाखवा, किंवा त्या कायद्यातच तशी पदामुळे येणारी जबाबदारी लिहिलेली पाहिजे. एमपीआयडीच्या कलम ३ मध्ये ती लिहिली आहे, म्हणून ते कलम जास्त अवघड. पण तिथेही शब्द आहेत, व्यवस्थापनाला किंवा कारभार चालवायला जबाबदार असलेली व्यक्ती. गुरुजी कारभार चालवत होते का, हा प्रश्न पुराव्याने सोडवायचा.

आणखी एक. ४०९ आणि ४२० दोन्ही एकदम लावायची सवय झाली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लब प्रकरणात सुप्रीम कोर्टाने यावरून कान उपटले. फसवणुकीत नियत पहिल्या दिवसापासून खोटी लागते. विश्वासघातात पैसा सरळ मार्गाने हातात येतो आणि नियत नंतर फिरते. एकाच व्यवहारात दोन्ही कसं होईल? हा मुद्दा जामिनापेक्षा पुढे दोषमुक्तीच्या, म्हणजे खटला सुरू होण्याआधीच नाव वगळण्याच्या, अर्जात जास्त कामाचा.

संत्रा_बर्फी | १८ नोव्हेंबर, दुपारी २:१०

आता तर भारतीय न्याय संहिता आलीये ना? मग जुनी ४०९, ४२० कशी काय लावली?

सिव्हिल_लाइन्स | १८ नोव्हेंबर, दुपारी २:२५

१ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या कृत्याला जुनी दंड संहिताच लागते. त्यानंतरच्या व्यवहारांना न्याय संहितेची ३१६(५) आणि ३१८(४) वगैरे. तपासाची आणि जामिनाची पद्धत मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. म्हणून एकाच केसमध्ये दोन्ही दिसतात.

फुटाळ्याची_हवा | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

प्रॅक्टिकल सांगतो ताई, घर बाबांच्या नावावर असेल तर उद्याच्या उद्या बक्षीसपत्र करून तुमच्या नावावर करून घ्या. एमपीआयडीत घर जप्त होतं. माझ्या साडूच्या भावाने केलं होतं.

सिव्हिल_लाइन्स | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

नको नको नको. गुन्हा दाखल झाल्यावर केलेलं बक्षीसपत्र म्हणजे स्वतःच्या हाताने सरकारी वकिलाला पुरावा देणं. एमपीआयडीच्या कलम ८ मध्ये अशा वाईट हेतूने घेतलेल्या मालमत्तेवर जप्ती आणता येते, म्हणजे घर तर वाचणार नाहीच, वर मुलगी कोर्टात ओढली जाईल. घर जुन्या पगारातून किंवा निवृत्तीच्या पैशातून घेतलेलं असेल तर तो कागद काढून ठेवा, जप्ती कायम करण्याआधी विशेष कोर्ट नोटीस देऊन म्हणणं ऐकतं, तेव्हा तो उपयोगी पडतो.

तसंच मोबाइलमधलं काहीही डिलीट करायचं नाही. संचालक मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर आहे तसा राहू द्या. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि बऱ्याचदा त्याच ग्रुपमध्ये आपल्या सुटकेचं सापडतं.

फुटाळ्याची_हवा | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

बरं झालं बोललात वकील साहेब. माझं वाक्य मागे घेतो ताई.

खाकी_निवृत्त | १८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालोय, शेवटची काही वर्षं याच प्रकारच्या तपासात कागद लावण्याचं काम केलं. टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

अशा केसमध्ये हजारो पानं असतात आणि तपास अधिकारी एकटा असतो, हाताखाली दोन-तीन माणसं. तो शोधत असतो पैसा गेला कुठे. कुणाच्या खात्यात, कुणाच्या प्लॉटमध्ये, कुणाच्या मेव्हण्याच्या नावावर. ज्या संचालकाच्या खात्यात संस्थेचा एक रुपया दिसत नाही त्याच्यामागे फार वेळ जात नाही, पण हे त्याला कुणीतरी सरळ दाखवावं लागतं. रिकाम्या हाताने येऊन "मला काही माहीत नाही साहेब" म्हणणारा माणूस आणि क्रमांक घातलेली फाइल घेऊन येणारा माणूस, यात फरक पडतो.

शुक्रवारी जमत नसेल तर न जाणं हा पर्याय नाही. लेखी अर्ज द्या, तब्येतीचं कारण असेल तर डॉक्टरांचा कागद जोडा, मुदत मागा आणि पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

जबाब देताना आठवतं तेवढंच सांगायचं. आठवत नसेल तर आठवत नाही. कुणी दुसऱ्याने पढवलेलं बोलायचं नाही, आम्हाला पाचव्या माणसाने तेच वाक्य म्हटलं की कळतं हे कुठून आलं. पोलिसांसमोरच्या जबाबावर आरोपीची सही कायद्याने घेत नाहीत, त्यामुळे कोऱ्या कागदावर किंवा जबाबावर सही कर असं कुणी म्हणालं तर नम्रपणे वकिलांना विचारून सांगतो म्हणा.

सिव्हिल_लाइन्स | १८ नोव्हेंबर, रात्री १०:१०

काकांशी बहुतेक सहमत. एका ठिकाणी वेगळं मत आहे. फाइल घेऊन जा, पण सगळी देऊन येऊ नका. मूळ कागद द्यायचा तर त्याची प्रत आपल्याकडे आणि पावती हातात. आणि कुठला कागद कधी द्यायचा ते वकिलाने ठरवावं, कारण स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नसणं हा घटनेच्या २०(३) चा हक्क आहे, तो पहिल्याच दिवशी घाबरून सोडून द्यायचा नसतो.

अजून एक ताजी गोष्ट. याच महिन्याच्या ६ तारखेला सुप्रीम कोर्टाने आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय की अटकेची कारणं लेखी, आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत, सगळ्याच गुन्ह्यांत. अशी वेळ येऊ नये, पण आली तर घरच्यांना हे माहीत असावं.

खाकी_निवृत्त | १८ नोव्हेंबर, रात्री १०:२२

मान्य वकील साहेब. कागदाची प्रत ठेवण्याबद्दल तर शंभर टक्के.

कॅश_काउंटर_३ | बुधवार, १९ नोव्हेंबर, पहाटे ५:१०

झोप येत नाही म्हणून लिहितोय. हा विषय दिसला की मला झोप येत नाही.

मी एका बँकेत रोखपाल होतो. बँकेचं नाव लिहीत नाही. २००९ मध्ये आमच्या शाखेत खोट्या नावांच्या मुदत ठेवींवर कर्ज काढल्याचं उघडकीला आलं, ४३ लाखांचं. चार व्यवहार माझ्या लॉगिनने झाले होते. मला अटक झाली, पाच दिवस पोलीस कोठडी आणि मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), एकूण ३८ दिवसांनी जामीन मिळाला. निलंबन. निर्वाह भत्त्यावर घर. मोठ्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, त्या लोकांनी कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

मी सगळ्या आरोपींसोबत एकाच वकिलाकडे होतो. पहिली तीन वर्षं. तेच वाक्य, साहेब आपण एकत्र आहोत. तिसऱ्या वर्षी कोर्टातून प्रती मिळाल्या तेव्हा मी एकेक पान वाचायला बसलो. बायको रोज रात्री भांडी झाल्यावर सोबत बसायची, ती तारीख वाचायची आणि मी वहीत लिहायचो. चारपैकी दोन व्यवहार ज्या दिवशीचे होते त्या दिवशी मी बँकेतच नव्हतो, गोंदियाला मेहुण्याच्या लग्नात होतो. हजेरी मस्टरवर माझी रजा होती. माझा पासवर्ड शाखेत तिघांना माहीत असायचा, तेव्हा तसंच चालायचं, गर्दी असली की कुणीही कुणाच्या लॉगिनने काम करायचं. ती माझी चूक होती. गुन्हा नव्हता.

मी वकिलांना मस्टरचं सांगितलं तर ते म्हणाले हे आता काढू नका, मॅनेजरला त्रास होईल. मॅनेजर आरोपी नंबर एक होता. त्याच दिवशी मी वकीलपत्र काढून घेतलं. नवीन वकील तरुण होता, फी हप्त्याने घेतली. त्याने बँकेकडून मस्टर मागवण्याचा अर्ज दिला, रजेचा अर्ज मिळाला, त्यावर मॅनेजरचीच मंजुरीची सही. बाकीच्या दोन व्यवहारांच्या व्हाउचरवरची सही माझी नाही असं हस्ताक्षर तज्ज्ञाचं मत आलं.

२०१९ ला निर्दोष सुटलो. दहा वर्षं. निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर रसवंतीवर उभा राहिलो आणि मला ग्लास धरता येईना.

ताई, तुमच्या बाबांना आजच वही घेऊन बसवा. माणूस विसरतो. २०१७ पासूनचं आज जेवढं आठवतंय तेवढं पुढच्या वर्षी आठवणार नाही.

तर्रीपोहा | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

काका, वाचून डोळ्यात पाणी आलं. परवा मी उगाच काहीबाही सांगितलं ताईंना, माफी मागतो. शुक्रवारी तिथे जायला कोणी सोबत पाहिजे असेल तर मी येतो, सक्करदऱ्यालाच राहतो, गाडी आहे. गुरुजींना पोटभर पोहे खाऊ घालून न्या, तिथं बसवून ठेवतात लय वेळ.

लाल_शाई | १९ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

मी सीए आहे, पतसंस्थांची लेखापरीक्षणं केली आहेत. कॅश_काउंटर काकांनी जी वही म्हटली ती कशी करायची ते सांगते, कारण बाबांसारख्या संचालकाचा बचाव भाषणाने होत नाही, तक्त्याने होतो.

फिर्यादीला लेखापरीक्षकांचा अहवाल जोडलेला असेल. त्यात संशयित कर्जांची यादी असते, नाव, रक्कम, मंजुरीची तारीख, तारण. प्रत्येक कर्जापुढे लिहा: कुठल्या सभेत मंजूर झालं, ठराव क्रमांक काय, बाबा त्या दिवशी हजर होते का, विषयपत्रिकेवर ते कर्ज नावानिशी होतं की "कर्ज अर्ज मंजूर करणे" एवढंच, कर्ज उपसमितीत बाबा होते का. अनेक संस्थांमध्ये कर्ज आधी वाटतात आणि ठराव महिनाभराने मागून घालतात. कर्ज वाटपाची तारीख ठरावाच्या आधीची निघाली तर मंडळासमोर विषय येण्यापूर्वीच पैसा गेलेला होता हे कागदच सांगतो. मी हे एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय.

दुसरं, त्या वर्षांचे लेखापरीक्षण वर्ग काढा. अ, ब, क, ड यातला कुठला मिळाला होता? संस्थेला सलग अ वर्ग मिळत असेल तर एका निवृत्त शिक्षकाने तज्ज्ञ लेखापरीक्षकापेक्षा जास्त ओळखायला हवं होतं असं म्हणणं अवघड आहे. पण लेखापरीक्षकाने दोष दाखवले असतील आणि दोष दुरुस्ती अहवालावर बाबांची सही असेल तर ते विरोधात जातं, तेही वकिलांपासून लपवू नका.

तिसरं, बाबांचं स्वतःचं आणि आईचं २०१७ पासूनचं बँक स्टेटमेंट. पेन्शन, सभेचा भत्ता, बाकी काय. संस्थेकडून कर्ज घेतलं का, नातेवाइकाला मिळवून दिलं का.

आणि कुठे लेखी विचारणा केली होती का? एखादं साधं पत्र, ईमेल, ग्रुपवरचा एक मेसेज. प्रोसिडिंगमध्ये विरोध नोंदवला असेल तर उत्तमच. संगणकातले कागद असतील तर नुसती प्रिंट चालत नाही, सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आपल्या जालन्याच्या खोतकर निवडणूक प्रकरणातच २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रमाणपत्राचा प्रश्न पक्का केला होता.

संत्रा_बर्फी | १९ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

थोडं अवांतर. आपल्या नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची केस आठवा. २००१-०२ चे रोखे खरेदीचे व्यवहार, २००२ ला गुन्हा, निकाल २२ डिसेंबर २०२३ ला. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष पुढे मंत्री झाले, त्यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यावर अपील झालं. पण तिघे निर्दोष सुटले. म्हणजे ते तिघे २१ वर्षं आरोपी म्हणून जगले. आणि ज्या शेतकऱ्यांची बँक होती त्यांचंही एक अख्खं आयुष्य गेलं. उशीर झाला की दोन्हीकडचा खरा माणूसच भरडतो.

इतवारीची_लेक | १९ नोव्हेंबर, दुपारी १:०५

हे मात्र पटलं.

फुटाळ्याची_हवा | १९ नोव्हेंबर, दुपारी ३:५०

एक शंका. जामिनासाठी कोर्ट म्हणतं ना आधी दहा-वीस लाख भरा? पेन्शनर माणूस कुठून आणणार?

सिव्हिल_लाइन्स | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३०

फार चांगला प्रश्न. ही प्रथा खूप वाढली होती. आरोपी स्वतःच सांगायचा मी इतके भरतो, जामीन घ्यायचा आणि मग भरायचाच नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका अपहाराच्या प्रकरणात सांगितलं की पैसे भरण्याच्या हमीवर जामीन देऊ नका, गुणवत्तेवर द्या किंवा नाकारा. त्यामुळे गुरुजींनी घाबरून अशी कुठलीही हमी लिहून देऊ नये. जो पैसा घेतला नाही तो भरतो म्हणणं म्हणजे अर्धी कबुलीच.

एक सूचना, ८ डिसेंबरपासून नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन आहे. पोलीस सगळे बंदोबस्तात जातात, सिव्हिल लाइन्समध्ये गाडी सोडा, माणूस उभा राहायला जागा नसते, आणि मग नाताळची सुट्टी. अर्ज या आठवड्यातच पडला पाहिजे.

फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायला कमीपणा वाटून घेऊ नका. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीत असलेल्यांना तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मानेवाडा_रोड | शनिवार, २२ नोव्हेंबर, रात्री १०:१५

खूप जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून एकदम लिहितेय.

बुधवारी रात्री बाबांना कॅश_काउंटर काकांचं सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग उठून कपाटातून एक जुनी पिशवी काढली, त्यात त्यांच्या डायऱ्या. शिक्षक माणूस, रोज दोन ओळी लिहायची सवय. सभेच्या प्रत्येक दिवशीची नोंद आहे त्यात, किती वाजता सुरू, कोण आलं, काय बोललं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये लिहिलंय, "कर्जदारांची यादी मागितली. सचिव म्हणाले पुढच्या सभेत देतो." पुढच्या महिन्यात परत, "यादी नाही." आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी अध्यक्षांना हाताने लिहिलेलं पत्र दिलं होतं यादीसाठी, त्याची कार्बन कॉपी पिशवीतच होती. कॉपीवर ऑफिसच्या मुलीची पोचेची सही आणि शिक्का! बाबा हे विसरूनच गेले होते. मी विचारलं, मग राजीनामा का नाही दिला, तर म्हणाले, वाटलं मी बाहेर पडलो तर लोक घाबरून ठेवी काढतील आणि संस्था बुडेल.

अध्यक्षांना बाबांनीच फोन केला, मी माझा वकील वेगळा करतोय. पलीकडून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

गुरुवारी अर्ज दाखल झाला. सरकारी वकिलांचा से (लेखी म्हणणं) मागवलाय, तोवर अंतरिम संरक्षण मिळालं, ९ डिसेंबरपर्यंत. अट अशी की सोमवारी आणि गुरुवारी हजेरी, पासपोर्ट जमा (काढलाच नव्हता कधी). शुक्रवारी तर्रीपोहा दादा खरंच गाडी घेऊन आले, पोहेही घेऊन आले. साडेचार तास बसवलं. लाल_शाई ताई, तुमच्यासारखा तक्ता केला, ३१ संशयित कर्जांपैकी १९ ची उचल ठरावाच्या तारखेआधीची आहे. आणि सहा सभांना बाबा हजरच नव्हते, त्यातल्या तीन ठिकाणी त्यांच्या नावापुढे सही आहे. ती सही त्यांची नाही.

खाकी_निवृत्त | २२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

डायरीची मूळ प्रत घरात ठेवू नका, वकिलांकडे ठेवा किंवा लॉकरमध्ये. एकही पान फाडायचं नाही, एकही ओळ आता वाढवायची नाही. शाई कळते.

सिव्हिल_लाइन्स | २२ नोव्हेंबर, रात्री ११:०५

त्या तीन सह्या फार महत्त्वाच्या. ४६७-४६८ हे बनावट कागदाचं कलम गुरुजींवर लावलंय, आणि बनावट सही तर त्यांच्याच नावाने कुणीतरी केलेली दिसतेय. तुमच्या वकिलांना सांगा, नमुना सह्या घेऊन हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवा असा लेखी अर्ज आत्ताच तपास अधिकाऱ्याला द्या, चार्जशीट होण्याची वाट बघू नका. आणि चार्जशीटमध्ये नाव आलंच तर प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा अर्ज करायचा, ही मुदत नव्या संहितेत आली आहे, अनेक जण चुकवतात.

इतवारीची_लेक | रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

ताई, परवा मी खूप कडक बोलले. बोलले ते चुकीचं बोलले असं वाटत नाही, पण तुमच्या बाबांनी तीनदा यादी मागितली होती हे वाचून मी आईलाही सांगितलं. एक विचारायचं होतं. त्या डायरीत आणि तक्त्यात पैसा कुणाकडे गेला हे दिसत असेल तर ते तुमच्या बाबांच्या सुटकेपुरतंच वापरणार का? आमच्यासारख्यांच्या ठेवी त्या कर्जांच्या वसुलीतूनच परत येणार आहेत.

मानेवाडा_रोड | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

ताई, तुमचा मेसेज बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले वकिलांना विचार, तक्त्याची एक प्रत वसुलीसाठी कुणाला देता येते.

सिव्हिल_लाइन्स | २३ नोव्हेंबर, दुपारी ४:३५

तपास अधिकाऱ्याला तर देताच येते. एमपीआयडीखाली सरकार सक्षम प्राधिकारी नेमतं, उपजिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, जप्त मालमत्तेचं आणि ठेवीदारांना वाटपाचं काम त्याच्याकडे. पण आधी तुमच्या वकिलांनी नजर घालू द्या, जबाबाशी विसंगत काही जायला नको. इतवारीची_लेक, तुमची संस्था वेगळी आहे पण रस्ता तोच. आईंच्या ठेव पावत्यांच्या प्रती, पासबुक आणि आधार घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत जबाब नोंदवा, ठेवीदारांच्या यादीत नाव आणि रक्कम बरोबर आहे का तपासा. मूळ पावती कुणालाही देऊ नका.

इतवारीची_लेक | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

उद्याच जाते. सोमवार आहे, गुरुजींची हजेरीही उद्याच ना?

मानेवाडा_रोड | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१२

हो, अकरा वाजता. मी आणि बाबा गेटजवळच्या झाडाखाली असतो. या, तुमच्या पावत्या कशा लावायच्या ते बाबा बघून देतील, फाइल लावण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.